सापाला खायला द्यायचं ते त्याच्याच पेटीत : माझा अनुभव

केशर ही माझी कॉर्न स्नेक. बिनविषारी, शेंदरी अंगावर गडद तांबडे पट्टे. पहिले चार महिने मी तिला पेटीतून काढून एका रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात खायला देत होते. पेटीतच खाणं दिलं तर साप पेटीत शिरणाऱ्या प्रत्येक हाताला भक्ष्य समजतो, असं मला सांगितलं गेलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

एका रात्री तिचं खाणं उरकल्यावर अर्ध्या तासाने मी तिला उचलून पेटीत सोडलं. पोटाचा फुगवटा तळहाताला लागत होता. सकाळी पाहते तर अर्धवट पचलेला उंदीर बाहेर पडलेला, खोलीभर कुजका वास, आणि केशर कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेली. माझा जीव कासावीस झाला.

पशुवैद्यांनी दोनच प्रश्न विचारले. खाल्ल्यावर तिला हाताळलं का? आणि पेटीची उबदार बाजू किती अंशांवर असते? थर्मामीटर मी काचेवर वरच्या बाजूला चिकटवला होता, तो 29 दाखवायचा. ती बसते तिथे, तळाशी मोजलं तर जेमतेम 25! सापाला पचनाची ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. ती कमी पडली, वर मी भरल्या पोटी तिची उचलाउचल केली, म्हणून ती ओकली. ओकल्यावर पोटातलं आम्ल निघून जातं आणि अन्ननलिकेला इजा होते, त्यामुळे लगेच पुन्हा खायला द्यायचं नाही. दोन आठवडे उपास, ताजं पाणी मात्र कायम समोर. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, आणि तेही पेटीतच.

चावण्याची माझी भीती गेली ती आकडीमुळे, म्हणजे साप हाताळायच्या वाकड्या टोकाच्या काठीमुळे. तिला हातात घ्यायचं असेल तेव्हा आधी बोथट आकडीने अंगाला मधोमध हलकासा स्पर्श करायचा, खायला द्यायचं असेल तेव्हा करायचा नाही. काही आठवड्यांत तिला फरक कळू लागला. आकडी लागली की मानेचा ताठ बाक सैल पडतो आणि जीभ संथ लवलवू लागते. मग मी हात घालते.

खाण्याची तयारी आदल्या रात्रीपासून. गोठवलेला उंदीर बंद पिशवीत, पिशवी वेगळ्या झाकणाच्या डब्यात आणि डबा फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी पिशवी न उघडता गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह कधीच नाही, त्यात तो कुठे शिजतो, कुठे गारच राहतो आणि फुटतोही. मी बोटाने पोट दाबून पाहते. आत टणक गोळा लागला तर आणखी थांबते. जाडीला तो सापाच्या अंगाच्या सर्वांत रुंद भागाएवढा, फार तर किंचित जास्त. जिवंत उंदीर मी देत नाही. जिवावर उठलेला उंदीर सापाला कडकडून चावतो, डोळासुद्धा जाऊ शकतो.

पेटीत भुसा असल्यामुळे मी एक सपाट फरशी ठेवते, म्हणजे उंदराच्या ओल्या अंगाला भुसा चिकटून तिच्या पोटात जात नाही. 30 सेंटिमीटरच्या चिमट्याने उंदीर कमरेपाशी धरायचा, डोकं तिच्याकडे. तिने झडप घालून विळखा घातला की चिमटा सोडून मागे सरायचं. पुढचे 48 तास तिला हात लावायचा नाही. कात टाकण्याआधी डोळे निळसर, दुधाळ होतात, त्या दिवसांत मी खायला देतच नाही. उंदराचा वास हाताला राहिला तर ती हातावरच झडप घालू शकते, म्हणून पेटीत हात घालण्याआधी साबणाने हात धुते. नंतरही धुतेच, कारण साप आणि उंदीर दोघांकडूनही साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.

उपासानंतरच्या पहिल्या खाण्याला मी दिवा मंद केला आणि लांब बसून पाहत राहिले. तिने फरशीवरच उंदीर धरला, डोक्याकडून हळूहळू गिळला, दोनदा जबडा ताणून जागेवर बसवला आणि उबदार बाजूच्या लपणात निघून गेली. तीन दिवस मी रोज सकाळी धडधडत्या छातीने पेटीत डोकावत होते. चौथ्या दिवशी भुशावर विष्ठा दिसली. अन्न पचलं होतं.