तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या सिस्टर टिकत का नाहीत?

पेशंटचे नातेवाईक विचारतात, लग्नकार्यात भेटलेले विचारतात. परवा आमच्या सोसायटीतल्या काकांनीही विचारलंच: "आजकालच्या पोरी नर्सिंगला येतात आणि वर्षभरात सोडून जातात. सेवाभाव राहिला नाही का हो?" पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी वॉर्ड इनचार्ज आहे, त्यामुळे हे माझ्याच वाट्याला येतं.

काका, सेवाभाव पहिल्या महिन्यात उतू जात असतो. लातूर-बीडकडून आलेली मुलगी रक्ताला घाबरत नाही, मरण बघूनही सहसा कोलमडत नाही. ती कोलमडते रात्री तीनला. सलाईन चालू असताना पेशंटचा हात सुजलेला दिसतो, इंट्राकॅथ (शिरेत घातलेली सलाईनची बारीक नळी) आउट झालेलं, म्हणजे शिरेतून निसटलेलं असतं, दुसरी शीर सापडत नाही. आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) उठवावं तर ओरडतील, सीनियर सिस्टर दुसऱ्या मजल्यावर. अशा वेळी वॉर्डात मदतनीस असलेल्या आमच्या एका मावशींनी एकीला सांगितलं होतं, "सिस्टर, आधी सलाईन बंद करा, मग रडा." त्या रात्री वॉर्डात शिकवायला तेवढ्याच होत्या.

कॉलेजात एका पेशंटची केअर नीट, साग्रसंगीत करायला शिकवतात. वॉर्डात एकाच वेळी डिस्चार्ज, नवीन अ‍ॅडमिशन, इन्शुरन्सचे कागद आणि चार बेल. अमेरिकेत मार्लीन क्रेमर यांनी १९७४ सालीच या धक्क्याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' म्हटलं होतं. म्हणजे 'आजकालच्या पोरी' तेव्हाही होत्या!

पगाराचंही ऐका. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की ५० खाटांहून लहान हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना २०,००० रुपयांच्या खाली देऊ नये. शिफारसच ती. कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेपुरतं) भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे वजा केले की उरतं काय? त्यात नाइट करून आल्यावर रूममेटच्या मोबाइलच्या आवाजात झोपायचं.

एखादीचं मन उडालंय हे मला हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देताना, कळतं. आधी ती सांगते, "चार नंबरचे आजोबा रात्रभर जागे होते, मुलगा आला नाही म्हणून जेवले नाहीत." काही महिन्यांनी तीच फाइलमधून मान वर न काढता म्हणते, "चार नंबर, व्हायटल्स स्टेबल." काम चोख असतं, पण आजोबा गायब. यानंतर राजीनामा यायला फार वेळ लागत नाही.

यावर मॅनेजमेंटचे उपाय ठरलेले. १२ मेला, परिचारिका दिनाला, केक, गुलाब, फोटो, आणि नाइट उतरलेल्या मुलींना सकाळी तणावमुक्तीच्या व्याख्यानाला बसवायचं. त्यांना झोपू द्या ना! उपयोग होतो तो सुरुवातीचे काही महिने एकच सीनियर त्याच शिफ्टला सोबत देण्याचा, आणि चूक झाली तर नातेवाइकांसमोर न झापण्याचा. दुसऱ्याला खर्च शून्य. पहिल्याला आहे, कारण शिकवणाऱ्या सीनियरचे पेशंट कमी करावे लागतात, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

काकांची भाची यंदा जॉइन होतेय. त्यांना म्हटलं, इंटरव्ह्यूला तिला पगारासोबत एवढं विचारायला सांगा: पहिली नाइट कधी लागेल आणि त्या रात्री वॉर्डात सोबत सीनियर कोण असेल? एचआरवाले घुटमळले तर दुसरीकडे अर्ज करा. पुण्यात हॉस्पिटलांना तोटा नाही.