आमची वाटचाल : फोटो फुकट, मग पैसे कशाचे?

उपग्रहाच्या फोटोंवरून शेती-जमिनीचे नकाशे आणि रिपोर्ट करून देणाऱ्या आमच्या ऑफिसला पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हेच विचारतो, की उपग्रहाचे फोटो तर फुकट मिळतात म्हणे, मग तुम्ही पैसे कशाचे घेता? प्रश्न रास्त आहे. आणि खरं सांगायचं तर आमचा धंदा ह्याच प्रश्नाचं उत्तर देत देत उभा राहिलाय, म्हणून वाटचाल लिहायला घेतली तर सुरुवातही तिथूनच करतो.

आम्ही दोघं पार्टनर मूळचे सर्व्हेवाले. टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, घेऊन उन्हातान्हात फिरायचं, एन.ए. लेआउटची मोजणी, रस्त्याच्या लेव्हल, हेच काम. नाशिकला गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाटा, जिकडे तिकडे प्लॉट पडत होते त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पण व्हायचं काय, की ज्या जमिनीवर आम्ही खुंट्या मारायचो तिथं कोपऱ्यात मांडवाचे अँगल आणि तारेची भेंडोळी पडलेली असायची, म्हणजे गेल्या हंगामापर्यंत तिथं द्राक्षबाग होती. शहर किती आणि कुठल्या बाजूनं शेती गिळतंय हे आम्हाला रोज दिसत होतं पण ते कुठं एका जागी नोंदलेलं सापडायचं नाही. ही गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच.

मग पार्टनरनं घरी रात्री बसून लँडसॅट ह्या अमेरिकन उपग्रहांचे जुने फोटो डाउनलोड करायला सुरुवात केली. अमेरिकेनं हा सगळा जुना साठा २००८ साली सगळ्यांसाठी मोफत खुला केला, त्याआधी एकेका फोटोला पैसे पडायचे. पहिला लँडसॅट वर गेला २३ जुलै १९७२ ला. म्हणजे आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाचं साल! सिन्नरकडची म्हातारी माणसं अजून वय सुद्धा त्या दुष्काळावरून सांगतात, आणि त्याच वर्षी वरून जमीन बघायला सुरुवात झाली ह्याचं मला आजही फार वाटतं. त्या कॅमेऱ्याच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण ८० मीटर, त्यात वस्ती-बिस्ती काही कळत नाही. पण १९८४ ला लँडसॅट ५ गेला, ३० मीटरचा, आणि तो २०१३ पर्यंत चालला. त्याचे दर काही वर्षांनी एकाच महिन्यातले फोटो शेजारी शेजारी लावले तर सिडको, सातपूर, अंबड कसं पसरत गेलं, गंगापूर धरणाचं पाणी कुठल्या मे महिन्यात किती मागे हटलं, सगळं उलगडतं. आम्ही ते प्रिंट काढून भिंतीला लावले. आलेला माणूस चहा गार होईपर्यंत त्यातच आपलं गाव शोधत बसतो.

पण ह्याच्यावर पोट भरेल असं वाटलं ते सेंटिनेल-२ आल्यावर. युरोपचा उपग्रह, पहिला जून २०१५ ला आणि जोडीचा मार्च २०१७ ला, दोन्ही मिळून दर ५ दिवसांनी तीच जागा परत टिपायला लागले आणि मुख्य रंगांमधला ठिपका १० मीटरचा. आता १० बाय १० म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर! शेतकऱ्याला रिझोल्युशन, पिक्सेल असलं काही समजावत बसायची गरजच उरली नाही. 'दादा, तुमच्या एकेका गुंठ्याचा रंग दर ५ दिवसांनी आम्हाला मिळतो' एवढं म्हटलं की पुढचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. लँडसॅटचा एक ठिपका साधारण ९ गुंठ्यांचा, आणि आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन शेतं किती लहान झालीत ते सगळ्यांना माहितीये, म्हणून हा फरक आमच्यासाठी फार मोठा होता.

फर्म रजिस्टर केली, इंदिरानगरला पार्टनरच्या घरातली पुढची खोली म्हणजे ऑफिस. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट, फोटो फुकट, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून होतंच. खर्च झाला तो कॉम्प्युटर, इंटरनेट आणि पेट्रोलवर. पेट्रोलचा खर्च तर आजही सगळ्यात मोठा आहे आणि तो कमी करायचा नाही असं आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं.

का, ते एका कामातून सांगतो. एका द्राक्ष निर्यातदारानं दुसरीकडून एक रिपोर्ट करून घेतला होता. त्यात दिंडोरी आणि निफाडच्या ढीगभर बागा लाल रंगात, आणि खाली लिहिलेलं की बागा काढून टाकल्या. माणूस घाबरला, कारण त्याचं पुढच्या सीझनचं सगळं गणित त्या बागांवर होतं. आम्ही आधी तारखा बघितल्या. एक फोटो फेब्रुवारीचा, दुसरा एप्रिलचा. अहो, एप्रिलमध्ये खरड छाटणी असते! माल उतरला की काड्या मागे घेतात, वेलीवर पान राहत नाही, वरून नुसती माती आणि तारा. उपग्रह हिरवेपणा कसा मोजतो, तर हिरवं पान लाल उजेड शोषून घेतं आणि जवळचा इन्फ्रारेड, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही, तो जोरात परत फेकतो, ह्या दोघांच्या फरकावरून एनडीव्हीआय नावाचा आकडा निघतो. पान नाही तर आकडा पडणारच. मग आम्ही एकेका प्लॉटचा वर्षभराचा आलेख काढला. जिवंत बागेची रेघ वर्षातून दोनदा खाली येते आणि दोनदा वर चढते, एकदा एप्रिल छाटणीला, एकदा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला. काढलेल्या बागेत ही लयच मोडते, एकदा खाली आलेली रेघ पुढच्या छाटणीनंतर चढतच नाही, आणि नंतर दुसरं पीक घेतलं तर वेगळ्याच महिन्यात चढते. लाल दाखवलेल्या बागांपैकी खरोखर गेलेल्या थोड्याच निघाल्या. तरी आम्ही गाडी काढून बांधावर गेलो. एका बागेत एक अण्णा नव्या फुटी विरळत होते, त्यांना विचारलं की ही बाग काढली होती का हो मध्ये, तर ते म्हणाले, 'काढली कुठं साहेब, छाटली! काढायची असती तर औषधाला एवढे पैसे घातले असते का?'

हे काम झाल्यावर आम्ही एक नियम केला तो आजपर्यंत पाळतोय. दोन तारखांच्या फोटोंवरून 'बदल' म्हणून काही लिहून द्यायचं नाही. पूर्ण वर्ष बघायचं, जमलं तर मागची दोन-तीन वर्षं बघायची, आणि मग शिवारात जाऊन यायचं. सटाणा, कळवण भागात अर्ली द्राक्षाची छाटणी जुलै-ऑगस्टपासूनच सुरू होते, म्हणजे एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी एक बाग उघडी आणि दुसरी गच्च भरलेली असू शकते. वर आता प्लास्टिक कव्हर टाकायला लागलेत, त्याच्याखालची बाग अजून वेगळी दिसते. हे नकाशावर बसून कळत नाही.

पावसाळा हे दुसरं दुखणं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा ह्या पट्ट्याचा स्वच्छ फोटो मिळणं मुश्कील, सगळं ढगाखाली. आणि नेमकं भाताचं पीक त्याच काळातलं. तिथं रडार लागतं. सेंटिनेल-१ एप्रिल २०१४ ला गेला, तो स्वतःच्या लहरी पाठवतो आणि परत आलेल्या मोजतो, त्याला ढग अडत नाही, रात्र अडत नाही. चिखलणी करून खाचरात पाणी उभं केलं की त्या लहरी पाण्यावरून पलीकडे निसटतात, उपग्रहाकडे परत येत नाहीत, म्हणून खाचर काळं दिसतं, आणि रोप वाढेल तसं ते उजळत जातं. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, कुठल्या आठवड्यात झाली हे त्यावरून बऱ्यापैकी सांगता येतं. पण रडार तिरकं बघतं, त्यामुळे ब्रह्मगिरी, अंजनेरीसारख्या उभ्या कड्यांच्या एका बाजूला सगळं दबून पांढरं होतं आणि पाठीमागे नुसती सावली. असे भाग आम्ही रिपोर्टमधून चक्क कापून टाकतो आणि तसं लिहितो. क्लायंटला सगळा नकाशा रंगलेला आवडतो, पण आम्ही त्या बाबतीत ऐकत नाही.

ह्याच कामासाठी आम्ही पेठकडची एक मुलगी घेतली, बी.एस्सी. भूगोल. ती आली आणि आमची नजरच बदलली. उन्हाळ्यात तिकडच्या उतारांवर लहान लहान जळाल्याचे डाग यायचे, प्रोग्राम त्यांना वणवा म्हणायचा. ती म्हणाली, 'सर, हे राब भाजलेत.' भाताच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, घरटी दोन-चार गुंठे. वणव्याचा डाग डोंगरावर हवा तसा सरकत जातो, राबाचा डाग खाचराजवळ आणि चौकोनी. तसंच नागली, वरई कुठल्या वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, घेतात आणि तीच जमीन पुढं पड का ठेवतात, हे तिला घरचं माहिती. पड टाकलेली जमीन म्हणजे जंगलतोड नाही, हे आम्ही तिच्याकडून शिकलो. आज बदलाचा प्रत्येक नकाशा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही.

सिन्नर, येवला, चांदवडकडचं काम वेगळंच, तिथं विषय पाण्याचा. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेला शेततळी मोजून हवी होती आणि नुसती मोजून नाही तर कुठल्या महिन्यापर्यंत भरलेली राहतात तेही. २०१६ ला आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठ्यातलं मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं, म्हणजे सेंटिनेलचे जेमतेम ९ ठिपके, त्यातले कडेचे बांधात मिसळलेले, उरतो मधला एखादा. त्यात तळ्याला काळा कागद अंथरलेला, कागदही गडद आणि पाणीही गडद, नुसत्या इंडेक्सवर, म्हणजे रंगांवरून काढलेल्या आकड्यावर, सोडलं तर कोरडं तळं भरलेलं दाखवायला वेळ लागत नाही. म्हणून सॅम्पल म्हणून काही तळ्यांवर आम्ही उपग्रह जाण्याच्या दिवशीच माणूस पाठवायचो. सेंटिनेल-२ नाशिकवरून साधारण सकाळी अकराच्या सुमारास जातो, त्याच वेळी तळ्यावर उभं राहून पाण्याची पातळी लिहायची, फोटो काढायचा, आणि मग ऑफिसमध्ये आकडा जुळवायचा. दमवणारं काम होतं, पण त्या उन्हाळ्यानंतर शेततळ्याच्या बाबतीत कुणी काही विचारलं तर आम्ही छातीठोक बोलू शकतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गाड्या बंद, उपग्रह मात्र चालूच. तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्यांनी व्हॉट्सअपवर लोकेशनसकट बांधावरचे फोटो पाठवले, त्यांच्या जोरावर आमचा तो हंगाम निघाला, हे उपकार विसरणार नाही. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं नकाशे आणि जिओस्पेशियल डेटाचे, म्हणजे जागेशी जोडलेल्या माहितीचे, नियम मोकळे केले, भारतीय कंपन्यांना आधी परवानगी काढायची अट गेली, आणि आमच्यासारख्या छोट्या फर्मचा श्वास मोकळा झाला. मग मुंबई नाक्याजवळ भाड्यानं जागा घेतली. मधल्या काळात एका ठिकाणचं बिल इतकं अडकलं की पगार द्यायला पार्टनरनं सोनं ठेवलं. तेही दिवस गेले.

एक प्रसंग सांगायचाच आहे. अवकाळी आणि गारपीट झाली की लोक येतात, म्हणतात उपग्रहावरून नुकसान सिद्ध करून द्या. गारांनी पानं फाटली, फांद्या झोडपल्या तर हिरवेपणा पडलेला दिसतो, ते आम्ही देतो. पण मणी तडकले, घडात पाणी शिरून कुज लागली, हे वरून दिसत नाही, पान वरती तसंच हिरवं असतं. शेतकऱ्यांच्या एका गटाचे लोक एकदा आले होते, नुकसान खरंच झालेलं, डोळ्यानं बघितलेलं, तरी आम्ही सांगितलं की भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे पण हा फोटो ते बोलत नाही, तुम्ही पंचनाम्याचाच आग्रह धरा आणि घडांचे जवळून फोटो तारखेसकट काढून ठेवा. त्या दिवशी काम गेलं. पुढच्या वर्षी त्याच गटानं पूर्ण हंगामाचं काम दिलं, कारण त्यांच्यातल्या तात्यांचं म्हणणं होतं की जे नाही दिसत ते नाही म्हणणारी माणसं आहेत.

गट नंबरप्रमाणे काम मागणाऱ्यांनाही हेच सांगतो. गावनकाशे जुने, कागद आकसलेला, झेरॉक्सवर झेरॉक्स झालेली, ते उपग्रहाच्या फोटोवर बसवायला आम्ही शिवेचे दगड, जुन्या विहिरी, देवळं शोधत फिरतो, नाल्यावर भरवसा ठेवत नाही कारण नाला जागा बदलतो. एवढं करूनही बांधाला काही मीटरचा फरक राहतो. म्हणून बांधाच्या भांडणासाठी आमच्याकडे येऊ नका, ती मोजणी भूमी अभिलेखचीच.

आता निसार हा रडारचा उपग्रह गेलाय, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून, इस्रो आणि नासाचा मिळून. त्याचं एल-बँड रडार सेंटिनेलपेक्षा लांब लहरीचं, झाडोऱ्याच्या आत जास्त खोल जातं आणि १२ दिवसांनी तीच जागा परत बघतं. सुरगाण्याच्या जंगलासाठी आणि घाटातल्या खचणाऱ्या उतारांसाठी ह्याचा काय उपयोग होतो ते बघायला आम्ही सगळेच आतुर आहोत, त्याच्या तयारीला टीममधली दोघं लागलीयेत. शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, रस्ते, पूल, तपोवनाचा परिसर, शहराच्या कडा इतक्या झपाट्यानं बदलतायत की त्याची दर महिन्याची नोंद आम्ही स्वतःच्या खर्चानं ठेवायला घेतलीये, मागणारं कुणी नसलं तरी.

पैसे कशाचे, तर ह्या सगळ्याचे. फोटोचा एक रुपया आम्ही लावत नाही, ते बिलात वेगळं लिहिलेलं असतं. काम घेऊन यायचं असेल तर गट नंबर आणि कुठल्या वर्षापासूनचं बघायचंय तेवढं घेऊन या, आणि बाग असेल तर मागच्या छाटण्यांच्या तारखा वहीत बघून लिहून आणा, अंदाजे नको.