डीबगर जोडला आणि घरात अंधार झाला

छताच्या पंख्यासाठी बीएलडीसी ड्रायव्हर (ब्रश नसलेली डीसी मोटर चालवणारा बोर्ड) बनवत होतो. त्यातल्या एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी वेगळा डीबगर (लॅपटॉपवरून चिपमध्ये प्रोग्राम भरायचं आणि तो तपासायचं साधन) कशाला घ्यायचा, घरात न्यूक्लिओ-६४ हा स्वतःची एसटीएम३२ असलेला तयार बोर्ड पडलाच होता. त्याच्या वरच्या तुकड्यात एसटी-लिंक नावाचा डीबगर असतो आणि सीएन४ या सहा पिनांच्या कनेक्टरवरून तो बाहेरच्या बोर्डालाही जोडता येतो.

पहिल्या संध्याकाळी सगळं इतकं सुरळीत झालं की तेव्हाच शंका यायला हवी होती. चिप सापडली, प्रोग्राम गेला, व्हेरिफायसुद्धा झालं. माझ्या बोर्डावरचा एलईडी मात्र ढिम्म. अर्ध्या तासाने दिसलं, न्यूक्लिओवरचा हिरवा एलईडी मजेत लुकलुकतोय! डीबगरला न्यूक्लिओच्याच चिपशी जोडणारे सीएन२ वरचे दोन जंपर मी काढलेच नव्हते आणि माझी एसडब्ल्यूडीआयओची (डीबगरच्या डेटाची) वायर ढिली होती, त्यामुळे डीबगर शेजारच्याच चिपशी गप्पा मारत बसला होता. जंपर काढले, वायर सोल्डर केली, सीएन४ च्या पहिल्या पिनवर माझ्या बोर्डाचे ३.३ व्होल्ट नेले (ती पिन वीज पुरवत नाही, समोर किती व्होल्ट आहेत ते फक्त बघते). मग खरी चिप बोलायला लागली.

२४ व्होल्टच्या बेंच सप्लायवर मोटर छान फिरली. दुसऱ्या दिवशी घरच्या २३० व्होल्टवर लावलं, लॅपटॉपला यूएसबी खोचली आणि खट्! आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. आतून आईचा आवाज, "परत काय केलंस रे?"

केलं होतं ते असं. माझ्या बोर्डाला ट्रान्सफॉर्मर नाही. ब्रिज रेक्टिफायरनंतर साधारण ३२५ व्होल्ट डीसी, आणि त्याची ऋण बाजू हेच माझं ग्राउंड. दर सायकलच्या एका अर्ध्या भागात ही बाजू डायोडमधून थेट फेजला जोडलेली असते. तिथून डीबगर, यूएसबी, लॅपटॉप, चार्जरची तिसरी पिन आणि अर्थिंग असा सरळ रस्ता मीच बांधून दिला होता. लॅपटॉप वाचला हे नशीब.

एका मित्राने सुचवलं, "चार्जर काढ, बॅटरीवर चालव." आरसीसीबी पडणार नाही हे खरं, पण मग लॅपटॉपच्या सगळ्या धातूवर मेन्सचं व्होल्टेज बसतं आणि अर्थिंगचा रस्ता हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

शेवटी बोर्डाच्या इनपुटला १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच ठेवून मेन्सशी थेट जोड तोडणारा) लावला आणि लॅपटॉपच्या बाजूला एडीयूएम३१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देणारा पण दोन्ही बाजूंची विजेची जोड तोडणारा. ती चिप दोन बाजूंमधला २५०० व्होल्टचा फरक झेलते, पण माझ्या मॉड्यूलवर तिच्या शेजारी बसवलेला छोटा पॉवर कन्व्हर्टर १००० व्होल्ट डीसीचाच निघाला. त्यामुळे नुसत्या आयसोलेटरच्या भरवशावर राहवेना. शिवाय आयसोलेटरच्या पलीकडचा न्यूक्लिओ, अगदी त्याच्या यूएसबी सॉकेटचं पत्र्याचं कवचसुद्धा, 'गरम', म्हणजे जास्त व्होल्टेजच्या बाजूलाच असतं. तो आता आईच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात बंद आहे.

तरीही मोटर वेगात आली की कनेक्शन तुटायचं. वायरी ३० सेंटिमीटरच्या होत्या, त्या ८ वर आणल्या, क्लॉकच्या वायरीला ग्राउंडचा पीळ दिला, एसडब्ल्यूडीचा (डीबगर आणि चिपमधल्या संवादाचा) वेग ४ मेगाहर्ट्झवरून ९५० किलोहर्ट्झवर उतरवला. तेव्हापासून टिकलंय.

फिरत्या मोटरवर पहिला ब्रेकपॉइंट (कोड ठरावीक ओळीवर थांबवणारी खूण) लावला तेव्हा फ्यूज उडाला. कोड थांबला होता, पण पीडब्ल्यूएमचा (मोटरला वीज झटक्यांनी देणारा) टायमर थांबला नव्हता, आणि एकाच वाइंडिंगमध्ये करंट चढत गेला. आता मोटर चालू असताना फक्त व्हेरिएबल बघतो.