भाजे-विसापूरची जिओकॅशिंग सहल: पॅकेज घेऊ नका, डबे स्वतः लपवा

‘सोपी वाट, भरपूर सावली, सातवीपुढची कुठलीही मुलं’ असं आयोजकाच्या पत्रकात छापलं होतं. त्यातलं फक्त ‘मुलं’ एवढंच खरं निघालं.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आम्ही डिसेंबरात भाजे-लोहगड परिसरात जिओकॅशिंगसाठी गेलो होतो. खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश देतं, तुम्ही जीपीएसच्या मदतीनं तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आयोजकांच्या दादांनी मुलांना हा खेळ अमेरिकी सैन्यानं काढला असं सांगितलं. ते चूक आहे. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि घेवड्याचा एक डबाही होता. मुलांना ही गोष्ट सैन्यापेक्षा जास्त आवडते.

मळवली स्टेशनात उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाज्याचा रस्ता. लेणी छान झाली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. थेट विसापूर किल्ल्याच्या नाळेकडे येतो, कारण तुम्हाला सावध करायचंय ते तिथंच.

तिसरा डबा लोहगड-विसापूरमधल्या खिंडीच्या बाजूला, मळलेल्या वाटेवर, अर्ध्या तासात सापडेल असं सांगितलं होतं. पथकांच्या हातात आयोजकांनी छापलेले कागद होते. मुलांनी आकडे फोनमध्ये घातले आणि बाण सरळ नाळेत वर दाखवायला लागला. ही नाळ म्हणजे पावसाळ्यात धबधब्याची वाट. डिसेंबरात पाणी नसतं, पण त्याच्या जागी मोठाले धोंडे, त्यांच्या फटीत वाळका पालापाचोळा आणि मध्ये मध्ये घसारा, म्हणजे सुट्या दगड-मातीचा घसरडा उतार. ज्याला घसारा माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. वरचा मुलगा पाय टाकतो आणि दगड खालच्याच्या नडगीवर येतो. आमच्या दोघांची गुडघ्यापाशी सालटी निघाली, एका मुलीचा बूट तळापासून उकलला. डबा अर्थातच नव्हता. बाण ४० मीटर म्हणायचा, मग ६०, मग परत ३०. दोन्ही बाजूंना कातळ असला की उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि फोन असाच भ्रमिष्टासारखा वागतो. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर दाखवतो, नाळेत त्यावर विसंबायचं नाही.

गुरं घेऊन निघालेले एक मामा खालून ओरडले, “गुरुजी, पोरं कुठं घालताय त्या नाळंत? खिंडीची वाट ही इकडं राहिली!” आयोजकांचे दादा तेव्हा रस्त्यालगत चहा पीत होते.

गोम कागदात होती. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांशातली मिनिटं वापरतात: १८° ४३.३५०′ अशी. (आकडे उदाहरणादाखल घेतलेत.) कागद टाइप करणाऱ्यानं त्याचं १८° ४३′ ३५″ करून टाकलं, म्हणजे दशांशाचे सरळ सेकंद केले. पण ०.३५० मिनिट म्हणजे २१ सेकंद. फरक १४ सेकंदांचा, आणि अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर जवळजवळ ३१ मीटर. झाले सव्वाचारशे मीटरच्या वर, तेही उत्तरेला, म्हणजे नेमके नाळेत. खाली आल्यावर हे गणित नववीच्या मुलांनी पाण्याची बाटली मध्ये ठेवून दहा मिनिटांत सोडवलं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, हे भूगोलाच्या तासाला कुणाच्या डोक्यात शिरत नाही. त्या दिवशी शिरलं, कारण पोटऱ्या दुखत होत्या. तेवढ्यासाठी मी हा खेळ पुन्हा करीन. त्या आयोजकांबरोबर नाही.

आता पैसे. माणशी साडेआठशे घेतले. त्यात लोकलचं तिकीट, लेण्यांचं तिकीट, पिठलं-भाकरी आणि ‘जीपीएस यंत्र’. यंत्र म्हणजे तीन जुने फोन. लेण्यांच्या तिकिटाचं तर हसूच आलं: पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नसतं. खिडकीवर फलक आहे, वाचा. आमच्या बहुतेक मुलांचे पैसे त्या नावाखाली घेतले गेले आणि विचारल्यावर ‘ते मॅनेजमेंट चार्जेसमध्ये अ‍ॅडजस्ट होतं’ असं उत्तर आलं. हिशेब लेखी मागा. मागितल्यावर तोंड वाकडं झालं तर तिथूनच परत फिरा.

खरं तर या सगळ्याला कुणाचीच गरज नाही. झाकण घट्ट बसणारे प्लास्टिकचे पारदर्शक डबे घ्या. आत छोटी वही, आणि पेन नाही, पेन्सिल. दमट हवेत पेन रुसतं. वही झिपच्या पिशवीत. खाऊ अजिबात ठेवू नका, माकडं आणि मुंग्या तुमच्या आधी शोधतील. अदलाबदलीसाठी गोट्या, बिल्ले, शंख चालतात. घेतलं तर तेवढ्याच मोलाचं ठेवायचं, हा मूळ नियमच आहे आणि मुलं तो मोठ्यांपेक्षा कडकपणे पाळतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘शालेय खेळ, कृपया हलवू नये’ आणि शाळेचं नाव. पारदर्शक डबा आणि नाव हे दोन्ही हवंच, नाहीतर बेवारस वस्तू म्हणून कुणी पोलिसांना फोन केला तर त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

डबे किल्ल्यावर किंवा लेण्यांत लपवायचे नाहीत. लोहगड आणि भाजे दोन्ही संरक्षित स्मारकं आहेत, आणि लोहगड २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथल्या भिंतीत दगड सरकवून डबी कोंबणाऱ्याला मी शिक्षक म्हणणार नाही. खाली गावातल्या कुणाच्या शेताच्या बांधावर, मालकाला विचारून ठेवा. आम्ही नंतर विचारलं तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही. संध्याकाळी सगळे डबे मोजून परत आणा.

लेण्यांत बिनडब्याचा टप्पा करा, तो जास्त रंगतो. भाज्याला चौदा स्तूपांचा समूह आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. मुलांना सांगायचं: आतले मोजा, बाहेरचे मोजा, ते आकडे पुढच्या डब्याच्या रेखांशात शेवटी भरा. चुकीचं मोजलं तर चुकीच्या जागी जाल. म्हणून ठिकाण सपाटीवरचं निवडा, तिथं चुकलं तरी फार तर कुणाच्या गवतात जातील.

बाण सरळ रेषेत दाखवतो, वाट सरळ जात नाही. हे मुलांना निघण्यापूर्वी दोनदा सांगा. ‘अंतर कमी होतंय पण वाट सुटली’ असं झालं की थांबायचं आणि मळलेल्या वाटेवर परत यायचं. प्रत्येक पथकाबरोबर एक मोठं माणूस, आणि ते माणूस डोंगरात चाललेलं असावं. ज्यांना पायऱ्या चढताना धाप लागते त्यांनी डबे राखायचं काम घ्यावं. फटीत थेट हात घालायचा नाही, आधी काठी. दगडाखाली विंचू असू शकतो. कड्याखाली असाल तर आग्या मोहोळ आहे असंच धरून चाला: आरडाओरडा नाही, अत्तर नाही, शेकोटी तर नाहीच. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, खिंडीकडे नेटवर्क येतं-जातं. आणि आकडे कुणी टाइप करून दिलेले वापरू नका. डबा ठेवतानाच फोनच्या पडद्याचा फोटो काढा, तोच पथकांना द्या. आदल्या आठवड्यात एका सहकाऱ्याला त्याच आकड्यांवर चालायला पाठवा.

विसापूरची नाळ शाळेच्या सहलीत नको. हिवाळ्यात नको, उन्हाळ्यात नको, पावसाळ्यात तर विचारही नको. विसापूर करायचाच असेल तर खिंडीकडून वर जा, आणि त्या दिवशी खेळ ठेवू नका.

परतीचं बघून ठेवा. दुपारी पुणे-लोणावळा लोकलमध्ये मोठा खंड पडतो, तो कधी आहे हे आदल्या दिवशी तपासा. आम्ही नाळेत घालवलेल्या वेळामुळे आमची गाडी गेली आणि दमलेली चाळीसेक मुलं मळवलीच्या फलाटावर बसून वडापाव संपवत होती. त्याचे पैसे पॅकेजमध्ये नव्हते.