पोऱ्या जेवना का?

कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की धुळ्यात आमच्या आयसीयूत विषबाधेचे पेशंट येऊ लागतात. त्या वर्षी शिंदखेड्याकडचा बावीस वर्षांचा मुलगा होता. नाकातोंडात गेलं की मुद्दाम प्यायला, यावर बाहेर भाऊबंदांची कुजबुज चाले. बाप चिठ्ठ्या घेऊन मेडिकलच्या खेपा घालायचा. आई जिन्यापाशी फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी मांडीवर घेऊन बसलेली. ती भाकरी सोडलेली मी तरी पाहिली नाही.

भेट पाच मिनिटांची. जंतुसंसर्ग नको म्हणून, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच सोयीचं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "हात काब्र बांधेल शेतस?" विषावर देतात त्या अॅट्रोपिन औषधाने पेशंट बरळतो, अंथरूण चाचपत राहतो, घशातली नळी ओढून काढतो, म्हणून बांधलेत, असं मी सांगितलं. तिला किती कळलं कोण जाणे. त्यानंतर मात्र रोज एकच प्रश्न: "ताई, पोऱ्या जेवना का?" पोरगा जेवला का, हे व्हेंटिलेटरवरच्या माणसाबद्दल! डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्या, श्वास, रक्ताचे रिपोर्ट समजावत, आणि ते संपलं की हिचं पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी तिच्यावर खेकसलेच.

त्याच दुपारी राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, त्याचं दूध सुरू झालं. काय वाटलं कोण जाणे, इन्चार्ज सिस्टरांना विचारून मी तिला आत घेतलं. गाऊन, मास्क घातला, हात धुवायला लावले. खाटेचं डोकं उंच केलं, नळी जागेवर आहे का ते तपासलं आणि दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज तिच्या हातात उभी धरायला दिली. मी वरून दूध ओतत होते. "खाली धरा, सावकाश जाऊ द्या," म्हटलं. तिने हात जरासा खाली घेतला. दुधाची पातळी उतरू लागली, तसा मास्कमागे तिचा जबडा उघडला. तान्ह्याला भरवताना आपण 'आ' करतो ना, तसा. सिरिंज रिकामी होईपर्यंत तो तसाच होता.

"त्याले चव लागस का?"

पोटात थेट जातं, चव नाही लागत, मी म्हणाले. मग पाणी घालून नळी धुतली.

"आते परत कव्हय?"

"दोन तासांनी."

बाहेर जाऊन तिने फडकं सोडलं. अर्धी भाकरी मोडून नवऱ्याच्या हातावर ठेवली.