मेल आपलाच, पण जीमेलला वाटतं भामट्याचा

सध्या एका क्लायंटचं हाउसिंग सोसायट्यांसाठीचं अ‍ॅप बघतोय. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, मीटिंगच्या नोटिसा सगळं मेलवर जातं, आणि तक्रार अशी की पासवर्ड रीसेटचा मेल उघडला की जीमेल वर लाल पट्टी दाखवतं, मेल धोकादायक वाटतोय म्हणून. ती पट्टी बघून लोक थेट सेक्रेटरीला फोन लावतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं, बँका येताजाता तेच तर शिकवतायत.

तिथल्या टीमचं म्हणणं, एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) पास आहे, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पास आहे, जीमेलच येडं झालंय. मेलच्या तीन टिंबांमधून 'शो ओरिजिनल' उघडलं तर खरंच दोन्ही पास, पण त्याच्याच खाली डीमार्क, म्हणजे हे फ्रॉममधल्या डोमेनशी जुळतं का ते बघणारी तपासणी, फेल! यात गोम अशी की एसपीएफ बघतं ते रिटर्न-पाथमधलं (न पोचलेला मेल जिथे परत येतो त्या पत्त्यातलं) डोमेन, जे वाचणाऱ्याला दिसतच नाही, आणि सही कुठल्याही डोमेनची असली तरी डीकेआयएम पास होतं. इथे दोन्ही ठिकाणी मेल पाठवणाऱ्या सर्व्हिसचं डोमेन होतं आणि फ्रॉममध्ये मात्र अ‍ॅपचं. डीमार्क म्हणतं, दोघांपैकी निदान एक तरी फ्रॉमशी जुळू दे. उपाय फार मोठा नाही, सर्व्हिसच्या पॅनेलमध्ये 'डोमेन ऑथेंटिकेशन' असतं, तिथले सीनेम रेकॉर्ड (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) आपल्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, टाकायचे, मग सही आपल्या नावाने होते.

डीमार्क पहिल्याच दिवशी रिजेक्टवर (फेल झालेला मेल नाकारा) नेऊ नका. आधी पॉलिसी 'नन' (काहीच कारवाई नको) ठेवून रिपोर्ट मागवा, कटकटीच्या एक्सएमएल फायली येतात, पण आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते त्यातूनच कळतं, अकाउंट्सवाल्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर, सपोर्ट डेस्क, मार्केटिंगने परस्पर घेतलेलं काहीतरी. आणि प्रत्येकाचा 'इनक्लूड' (त्याच्या सर्व्हरची यादी आपल्या यादीत जोडणारी नोंद) एसपीएफमध्ये कोंबताना लक्षात ठेवा, डीएनएस लुकअपची (नोंदी शोधायच्या फेऱ्यांची) मर्यादा 10 आहे, त्यापुढे गेलात की अख्खा एसपीएफच एरर. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. आपण छोटे आहोत म्हणून सुटलो असं मात्र नाही, एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तर सगळ्यांनाच लागतं.

पण हे सगळं करूनही पट्टी गेली नाही, कारण खरं दुखणं मेलच्या आत होतं. लिंकवर लिहिलेलं अ‍ॅपचं डोमेन, आणि क्लिक केलं की आधी जायचं ट्रॅकिंगच्या कुठल्यातरी भलत्याच डोमेनवर. दाखवायचं एक आणि न्यायचं दुसरीकडे, हे तर फिशिंगवाल्यांचं रोजचं काम, मग फिल्टरने काय ओळखायचं? पासवर्ड रीसेटवर किती क्लिक झाले हे मोजून कुणाला काय मिळतं मला खरंच कळत नाही. असल्या मेलवरचं क्लिक ट्रॅकिंग सरळ बंद करा. मार्केटिंगला हवंच असेल तर त्यांचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून जाऊ द्या, ट्रॅकिंगही आपल्याच सबडोमेनवर. शॉर्ट लिंक तर नकोच.

याहून बेकार प्रकार इन्व्हाइटचा. फुकट खातं उघडता येतं, सोसायटीचं नाव वाट्टेल ते टाकता येतं, आणि मग हव्या त्या पत्त्यांवर इन्व्हाइट. कुणीतरी नावाच्या जागी 'तुमचं केवायसी बंद होतंय, इथे भरा' आणि पुढे वेबसाइटचा पत्ता टाकला की संपलं, आपल्या सर्व्हरवरून, आपल्या सहीने, डीमार्क पास होऊन फिशिंग मेल जातो आणि जीमेल त्या पत्त्याची निळी लिंकसुद्धा करून देतं. त्यामुळे नावाची लांबी आवरायची, पत्त्यासारखं काही दिसलं तर घ्यायचंच नाही, आणि नवीन खात्याला दिवसाला मोजकेच इन्व्हाइट. एचटीएमएल एस्केप केलंय (नावातले कोडचे टॅग निष्प्रभ केलेत) म्हणून भागत नाही, साधा मजकूरच पुरतो.

रीसेटची लिंक रिक्वेस्टच्या होस्ट हेडरवरून (कुठली साइट हवी हे ब्राउझर सांगतो त्या ओळीवरून) बनवत असाल तर तेही आजच बदला. खोटा होस्ट पाठवून कुणीही दुसऱ्याच्या नावाने रीसेट मागवू शकतो, आणि मग तुमच्याच खऱ्याखुऱ्या मेलमध्ये चोराची लिंक. डोमेन कॉन्फिगमध्ये लिहून टाका.

आणि एक, ऑफिसचा मेल वापरणाऱ्यांकडून 'लिंक एक्स्पायर झालीय' अशी तक्रार आली तर लगेच टोकनचा, म्हणजे लिंकमधल्या गुप्त चावीचा, कोड उसवत बसू नका. बऱ्याच कंपन्यांचे मेल स्कॅनर माणसाच्या आधी स्वतःच लिंक उघडून बघतात आणि एकदाच चालणारं टोकन तिथेच खर्ची पडतं. लिंक उघडल्यावर फक्त एक पान दाखवा, त्यावर बटण, आणि ते बटण दाबून पोस्ट रिक्वेस्ट (नुसती लिंक उघडून जी जात नाही) आली तरच टोकन वापरलं असं धरा.