कंबरेचा आकडा

अकोल्याहून शेगावची पायदळ वारी म्हणजे जेमतेम ४५ किलोमीटर, मध्ये एक मुक्काम. आपण फिजिओथेरपिस्ट, आपल्याला काय होतंय, या तोऱ्यात मी पाठीवर जड बॅग घेतली आणि गायगाव यायच्या आतच माझी कंबर धरली. दोन्ही हात कमरेवर ठेवून थांबले, तशी मागून एक म्हातारी ओरडली, "पोरीचा इठोबा झाला वो!" बॅग टेम्पोत गेली.

माझ्यापुढं मावशी. डोक्यावर तुळस, तोंडी 'गण गण गणात बोते'. परवापर्यंत कापूस वेचत होत्या. मी विचारलं, "मावशी, शून्य ते दहात सांगा, कंबर किती थकली?"

"आकडे कायले पाह्यजे वो? चालून तं रायली मी."

रात्री शाळेच्या व्हरांड्यात बायका मागं लागल्या, तुही कंबरेची परीक्षा दाखव. बाकडं होतंच. पालथं झोपायचं, कमरेच्या हाडापासून वरचं अंग बाकड्याबाहेर, हात छातीशी, पाय दोघींनी दाबून धरायचे आणि धड आडवं, अधांतरी. फार तर २४० सेकंद. डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेनसेन यांनी १९८४ साली दाखवलं, की ज्या पुरुषांना असं जास्त वेळ धरता आलं, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी व्हायचं प्रमाण कमी होतं.

मी ७१ सेकंदांत खाली आले. मावशी दोन मिनिटांनंतरही तशाच. टॉर्चच्या उजेडात झंपराखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू फडफडताना दिसत होते. मी विचारलं, "आता किती?" "काईच नाई."

कॉलेजात याच जागी इलेक्ट्रोड चिकटवून आम्ही स्नायूंमधल्या विजेचा आलेख काढायचो. स्नायू दमत जातो तसा तंतूंमधला संदेश हळू धावतो, विजेची लहर संथ होते, मध्य वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती लहरी याचा मधला आकडा, घसरते. लहरीची उंची मात्र बहुतेकदा वाढते, कारण तेवढंच वजन पेलायला जास्त तंतू जुंपावे लागतात. ही घसरण माणूस 'थकलो' म्हणायच्या खूप आधी सुरू होते. आणि बाकड्यावर किती वेळ टिकायचं, यात स्नायूइतकीच जिद्दही असते, हे तर डोळ्यांसमोरच होतं. दवाखान्यात मी पेशंटनं सांगितलेला आकडा केसपेपरवर लिहून मोकळी होते. तो कुणासमोर, कशासाठी सांगितला, हे कधी लिहिलं नाही.

पहाटे मावशी वळकटी उचलायला वाकल्या आणि अर्ध्यातच अडकल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला. मी धावले.

"सात हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पण पोराचा फोन आला तं काई नाई म्हणजो. नाईतं पुढच्या साली येऊ नाई देत मले."